संत ऑगस्टीन : दुरावलेल्या पुत्राचा परतीचा प्रवास

ख्रिस्तसभेच्या उपासना-दिनदर्शिकेत २७ ऑगस्ट हा संत मोनिका ह्यांचा स्मरणदिन आहे आणि २८ ऑगस्ट हा त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन ह्यांचा. पूर्वी संत मोनिका ह्यांचा सण ४ मे रोजी येत असे. १९६९ साली दिनदर्शिकेची पुनर्रचना झाली, तेव्हा तो मुलाच्या सणाच्या आदल्या दिवशी आणण्यात आला. ज्या आईने मुलाच्या परतीसाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, तिचे स्मरण करूनच त्या मुलाचा सण साजरा करावा, अशी ही योजना आहे.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आज मोनिकेचेच दुःख आहे. बाप्तिस्मा घेतलेली, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारलेली, दृढीकरण झालेली मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबईला, आखातात, परदेशांत जातात आणि हळूहळू रविवारची मिस्सा सुटते. काहींचा विश्वास वादविवादात हरवतो, काहींचा धावपळीत. काहींना परत यावेसे वाटते, पण इतक्या वर्षांनी पापनिवेदनाला कोणत्या तोंडाने जावे, हा संकोच त्यांना दाराशीच अडवतो. अशा सर्वांसाठी संत ऑगस्टीन ह्यांचे जीवन आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत. हे जीवन आपल्याला तपशिलाने ज्ञात आहे, कारण त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवले.

‘कन्फेशन्स’ : ग्रंथाची ओळख

इ.स. ३९७ च्या सुमारास, बिशप झाल्यानंतर थोड्याच काळाने, संत ऑगस्टीन ह्यांनी लॅटिन भाषेत ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. त्याचे तेरा भाग आहेत. पहिल्या नऊ भागांत जन्मापासून आईच्या मृत्यूपर्यंतचे आत्मकथन आहे. दहाव्यात स्मरणशक्तीचे चिंतन आणि लेखनकाळातील स्वतःच्या मनाची परीक्षा आहे. अखेरच्या तीन भागांत उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टिकथेचे विवरण आहे. संपूर्ण ग्रंथ देवाला उद्देशून केलेली प्रार्थना आहे. मूळ लॅटिन शब्दाला दोन अर्थ आहेत, पापाची कबुली आणि देवाची स्तुती. ग्रंथात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आपण कोठे हरवलो होतो हे सांगतानाच, आपल्याला कोणी शोधून आणले हेही ते सांगतात.

हरवणे म्हणजे काय?

संत लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू हरवण्याचे तीन दाखले देतो. शंभरांपैकी एक मेंढरू चरता चरता कळपापासून दुरावते. दहांपैकी एक नाणे घरातल्या घरातच हरवते. धाकटा मुलगा मात्र आपला वाटा मागून घेऊन स्वेच्छेने दूरदेशी निघून जातो. तिन्ही दाखल्यांत हरवण्याची रीत वेगळी आहे. हरवलेले सापडल्यावर होणारा आनंद मात्र एकच आहे.

संत ऑगस्टीन ह्यांनी स्वतःला ह्या धाकट्या मुलाच्या जागी पाहिले. माणूस देवापासून पायांनी चालत दूर जात नाही, अंतःकरणाच्या ओढीने दूर जातो, असे त्यांचे निरीक्षण आहे. म्हणूनच घरी आईच्या पंगतीला बसूनही मुलगा दूरदेशी असू शकतो. त्यांच्या स्वतःच्या जीवनात हे दुरावणे तीन प्रकारे घडले. प्रथम बुद्धी भरकटली, मग महत्त्वाकांक्षेने त्यांना ओढून नेले आणि ह्या सर्व काळात सवयीने त्यांना बांधून ठेवले. ह्या तीन गाठी एकाच वेळी सुटल्या नाहीत, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचा परतीचा प्रवास समजत नाही.

जन्म, घर व बालपण

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील थागास्ते ह्या गावी झाला. हे गाव म्हणजे आजच्या अल्जेरियातील सूक अहरास. वडील पात्रिशियस हे मध्यम स्थितीतील जमीनदार होते व ख्रिस्ती नव्हते. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आई मोनिका ही श्रद्धावान ख्रिस्ती स्त्री होती. तिने मुलाला लहानपणीच दीक्षार्थी म्हणून ख्रिस्तसभेच्या स्वाधीन केले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करण्यात आली व त्याला मीठ देण्यात आले.

बाप्तिस्मा मात्र लांबणीवर पडला. बालपणी एकदा तो अत्यवस्थ झाला असता त्याने स्वतः बाप्तिस्मा मागितला. तयारीही सुरू झाली, पण तो बरा झाला आणि विधी पुढे ढकलला गेला. बाप्तिस्म्यानंतर घडलेले पाप अधिक गंभीर, म्हणून तारुण्याचा वादळी काळ सरल्यावर बाप्तिस्मा द्यावा, अशी समजूत त्या शतकात रूढ होती. ही दिरंगाई आपल्या हिताची झाली नाही, असे संत ऑगस्टीन ह्यांनी पुढे स्पष्टपणे लिहिले आहे.

सोळाव्या वर्षी पैशांअभावी शिक्षण थांबले आणि तो वर्षभर घरी रिकामा बसला. त्या काळात त्याने मित्रांसोबत शेजारच्या बागेतील नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, घरी ह्याहून चांगली फळे होती. चोरलेली फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. ह्या क्षुल्लक भासणाऱ्या घटनेवर त्यांनी कितीतरी पाने खर्च केली आहेत. ती चोरी फळांसाठी नव्हती. निषिद्ध कृत्याचा आनंद आणि सोबत्यांपुढे मागे पडण्याची लाज ह्यांतून ती घडली. एकट्याने आपण ते केले नसते, असे ते म्हणतात. संगतीचा प्रभाव त्यांनी इतक्या लहान वयातील आठवणीतून दाखवून दिला आहे.

बुद्धीचे भरकटणे

पुढे तो कार्थेज ह्या महानगरात वक्तृत्वशास्त्र शिकण्यास गेला. एकोणिसाव्या वर्षी सिसेरो ह्या रोमन लेखकाचा ‘होर्टेन्सियस’ हा ग्रंथ त्याच्या वाचनात आला आणि त्याच्या मनात सत्याची तहान जागी झाली. त्या तहानेने त्याने पवित्र शास्त्र उघडले. पण सिसेरोच्या घोटीव भाषेची चटक लागलेल्या तरुणाला ती साधी भाषा गावंढळ वाटली. त्याने ते मिटून ठेवले.

त्याच सुमारास तो मानी पंथाकडे ओढला गेला. तिसऱ्या शतकात पारशी साम्राज्यात होऊन गेलेल्या मानी ह्या धर्मसंस्थापकाचा हा पंथ होता. विश्वात प्रकाश व अंधार अशी दोन सनातन तत्त्वे एकमेकांशी झुंजत आहेत आणि माणसाच्या हातून घडणारे पाप हे त्याच्यातील अंधाराचे कृत्य आहे, अशी त्याची शिकवण होती. पाप मी करत नाही, माझ्यातील दुसरेच काही ते करते, असे मानणे तरुण ऑगस्टीनला सोयीचे वाटले. सुमारे नऊ वर्षे तो त्या पंथाचा ‘श्रोता’, म्हणजे सामान्य अनुयायी राहिला आणि आपल्या मित्रांनाही त्याने तिकडे ओढले.

शंका येत राहिल्या. फाउस्टस हा मोठा विद्वान आला की सर्व प्रश्नांची उत्तरे मिळतील, असे त्याला सांगण्यात येत होते. फाउस्टस कार्थेजला आला. तो गोड बोलणारा व प्रामाणिक होता, पण ऑगस्टीनच्या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तरे नव्हती. त्या भेटीनंतर ऑगस्टीनचा मानी पंथावरील विश्वास ढासळला, परंतु त्या जागी दुसरे काहीच उभे राहिले नाही.

आईचे घर व आईची पंगत

मुलगा मानी पंथात गेल्याचे कळताच मोनिकेने त्याला आपल्या घरी राहू देण्यास व पंगतीला बसवण्यास नकार दिला होता. नंतर तिला एक स्वप्न पडले. ती एका लाकडी पट्टीवर उभी राहून रडत होती. एका तेजस्वी तरुणाने तिला सांगितले की, जेथे ती आहे तेथेच तिचा मुलगाही आहे; तिने वळून पाहिले तर मुलगा तिच्या शेजारी त्याच पट्टीवर उभा होता. त्या स्वप्नानंतर तिने मुलाला घरात घेतले व पुन्हा आपल्यासोबत जेवू दिले. त्याचे मत बदलले नव्हते आणि तिनेही आपला विश्वास सोडला नव्हता. ह्यानंतरही जवळजवळ नऊ वर्षे तिला वाट पाहावी लागली.

ती एका बिशपकडे गेली आणि मुलाशी वाद घालून त्याला पटवून द्यावे, अशी विनवणी केली. हे बिशप स्वतः बालपणी मानी पंथात वाढले होते. मुलगा अजून शिकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा, वाचता वाचता त्याची चूक त्यालाच उमगेल, असा सल्ला त्यांनी दिला. ती ऐकेना, रडतच राहिली. तेव्हा काहीसे त्रासून ते म्हणाले की, एवढ्या अश्रूंच्या पुत्राचा नाश होणे शक्य नाही. मोनिकेने ते उद्गार स्वर्गातून आलेले मानले.

पालकांसाठी हा प्रसंग मोलाचा आहे. घरातून हाकलून देणे आणि सतत वाद घालणे हे दोन्ही उपाय मोनिकेने मनात आणले होते. शेवटी तिने पंगत सुरू ठेवली आणि प्रार्थना सुरू ठेवली.

महत्त्वाकांक्षेची ओढ

३८३ साली ऑगस्टीनने रोमला जाण्याचे ठरविले. आई बरोबर येऊ पाहत होती. त्याने तिला फसवले. एका मित्राला निरोप द्यावयाचा आहे असे सांगून तो बंदरावर थांबला. मोनिकेने ती रात्र जवळच असलेल्या संत सिप्रियन ह्यांच्या स्मारक-मंदिरात प्रार्थनेत घालवली आणि त्याच रात्री जहाज सुटले. मुलाने जाऊ नये, अशी तिची प्रार्थना होती. देवाने ती नाकारली, पण त्याच प्रवासातून तिच्या मनातील मूळ इच्छा पूर्ण केली, असे संत ऑगस्टीन ह्यांनी लिहिले आहे.

रोमचा नगराधिपती सिमाकस ह्याच्या शिफारशीने ३८४ साली त्याला मिलान येथे वक्तृत्वशास्त्राच्या राजशिक्षकाचे पद मिळाले. मिलान हे त्या वेळी सम्राटाच्या दरबाराचे नगर होते. सम्राटाचे गुणगान करणारी भाषणे करणे हे त्याच्या कामाचा भाग होते. असेच एक भाषण करण्यास तो निघाला असता रस्त्यात दारूच्या धुंदीत हसत बसलेला एक भिकारी त्याला दिसला. आपण खोटी स्तुती करून जे सुख मिळवू पाहतो, ते ह्याने चार नाण्यांत मिळवले आहे, असा विचार त्याच्या मनात आला. त्याचेही सुख खरे नव्हते, पण तो निदान निश्चिंत होता. पद मिळाले, मान मिळाला आणि मन अधिकच रिते झाले.

सवयीची बेडी

कार्थेजमध्ये असल्यापासून ऑगस्टीन एका स्त्रीसोबत विवाहाविना संसार करीत होता. रोमन समाजात हे सर्रास चाले. त्यांना ३७२ च्या सुमारास मुलगा झाला. त्याचे नाव आदेओदातुस, म्हणजे ‘देवाने दिलेला’. आपल्याकडे देवदत्त म्हणतात तसे. सुमारे पंधरा वर्षे तो त्या एकाच स्त्रीशी एकनिष्ठ राहिला.

मिलानमध्ये त्याच्यासाठी एका घरंदाज मुलीचे स्थळ ठरले. ती कायदेशीर वयाहून दोन वर्षांनी लहान असल्याने विवाहाला थांबावे लागणार होते. ह्या विवाहाच्या आड येऊ नये म्हणून त्या सहचारिणीला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. आपण दुसऱ्या पुरुषाचा स्वीकार करणार नाही, अशी शपथ वाहून ती गेली आणि मुलगा बापाजवळ राहिला. ऑगस्टीनने मात्र थोड्याच काळात दुसऱ्या स्त्रीशी संबंध जोडला.

ही घटना पुष्कळदा पश्चात्तापाचा भाग म्हणून सांगितली जाते. ते बरोबर नाही. त्या स्त्रीला दूर केले गेले ते प्रतिष्ठेच्या विवाहासाठी, म्हणजे महत्त्वाकांक्षेसाठी. स्थळाच्या खटपटीत मोनिकेचाही मोठा पुढाकार होता. तिच्या जाण्याने आपले हृदय चिरले गेले, जखम भळभळत राहिली, अशी कबुली संत ऑगस्टीन ह्यांनी दिली आहे. पण तिचे नाव त्यांनी कोठेही नोंदवले नाही. आपल्या भरकटण्याची किंमत आपल्यापेक्षा दुर्बल अशा कोणीतरी मोजलेली असते, ह्याची जाणीव परतीच्या वाटेवरील प्रत्येकाने ठेवावयास हवी. ख्रिस्तसभा पापक्षमेसोबत झालेल्या हानीची भरपाई करावयास सांगते, त्याचे कारण हेच आहे.

वाटेवरचे सोबती

मिलानचे बिशप संत आंब्रोज ह्यांची प्रवचने ऐकण्यास ऑगस्टीन प्रथम गेला तो त्यांचे वक्तृत्व पारखण्यासाठी. आंब्रोज ह्यांनी त्याचे पित्याप्रमाणे स्वागत केले. शैली ऐकता ऐकता आशयही मनात झिरपू लागला. जुन्या करारातील ज्या कथांची मानी पंथीय थट्टा करीत, त्यांचा आध्यात्मिक अर्थ आंब्रोज उलगडून दाखवीत. ऑगस्टीनच्या बौद्धिक अडचणी एकेक करून दूर होऊ लागल्या. पुढे प्लेटोच्या परंपरेतील तत्त्वज्ञांच्या ग्रंथांनी देव हा देहधारी वस्तू नाही आणि दुष्टता हे स्वतंत्र तत्त्व नाही, हे समजण्यास त्याला साहाय्य केले.

बुद्धीची गाठ सुटली तरी पाऊल उचलत नव्हते. तेव्हा तो सिम्प्लिसियानुस ह्या वृद्ध धर्मगुरूंकडे गेला. त्यांनी उपदेश न करता व्हिक्टोरिनुस ह्या नामांकित रोमन पंडिताची हकिकत सांगितली. उतारवयात श्रद्धा पटूनही तो लोकलज्जेने उघडपणे ख्रिस्तमंदिरात येण्यास कचरत होता. अखेर त्याने सर्वांसमक्ष श्रद्धेची कबुली दिली.

नंतर एके दिवशी पोंतिशियानुस हा दरबारात अधिकारी असलेला आफ्रिकन गृहस्थ भेटीस आला. मेजावर संत पौलाच्या पत्रांची प्रत पाहून त्याला आनंद झाला. त्याने इजिप्तमधील संत अँथनी ह्यांचे तपस्वी जीवन वर्णिले आणि त्यांचे चरित्र वाचून नोकरी सोडून देवसेवेला लागलेल्या, ट्रियर येथील दोन अधिकाऱ्यांची गोष्ट सांगितली. ऑगस्टीनला आपले खरे रूप आरशात पाहिल्यासारखे दिसले. तारुण्यात आपण देवाजवळ शुद्ध जीवनाचे वरदान मागत होतो, पण ते इतक्यात मिळू नये, अशी पुस्तीही जोडत होतो, हे त्याला आठवले.

आंब्रोज, सिम्प्लिसियानुस व पोंतिशियानुस ह्यांपैकी एकानेही त्याला एकहाती परत आणले नाही. एकाने आदराने वागवले, एकाने गोष्ट सांगितली, एकाने सहज भेट दिली. घरी आई प्रार्थना करीत होती. आपल्या धर्मग्रामांत दुरावलेल्या माणसासाठी आपण काय करू शकतो, ह्याचे उत्तर ह्या साध्या कृत्यांत आहे.

मिलानची बाग

ऑगस्ट ३८६. पोंतिशियानुस गेल्यानंतर ऑगस्टीन अस्वस्थ होऊन घराच्या बागेत गेला. मित्र अलिपियस सोबत होता. करावे की करू नये, असे द्वंद्व त्याच्या मनात चालले होते. दोन तत्त्वे आपल्यात झुंजत नाहीत, हवे म्हणणारा मीच आणि नको म्हणणाराही मीच, हे त्याला त्या घटकेला कळले. मानी पंथाने जी जबाबदारी त्याच्या खांद्यावरून उतरवली होती, ती त्याने पुन्हा स्वतःच्या खांद्यावर घेतली. जुन्या सवयी जणू वस्त्राला धरून त्याला मागे ओढत होत्या.

अश्रू आवरेनात म्हणून तो एका अंजिराच्या झाडाखाली जाऊन पडला. तोच शेजारच्या घरातून लहान मुलाचा, मुलगा की मुलगी हे कळत नव्हते, गाण्यासारखा आवाज आला. घे आणि वाच, असे ते बाळ पुन्हा पुन्हा म्हणत होते. मुलांच्या एखाद्या खेळात असे शब्द आहेत का, हे त्याने आठवून पाहिले; आठवेना. ही देवाची आज्ञा समजून तो परतला, संत पौलाचा ग्रंथ उघडला आणि पहिली दृष्टी पडली तो उतारा वाचला. तो रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील होता (१३:१३-१४). रंगेलपणा व भांडणे टाकून प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करावे, असा त्याचा आशय आहे. पुढे वाचण्याची गरज उरली नाही. अलिपियसने त्याच्या पुढचे, श्रद्धेने दुबळ्या असलेल्याला जवळ करण्याविषयीचे वाक्य वाचले आणि ते स्वतःला लावून घेतले. दोघे घरात गेले व त्यांनी मोनिकेला सर्व सांगितले.

बाप्तिस्मा आणि मोनिकेचा निरोप

बागेतील त्या घटकेला प्रवास संपला नाही. ऑगस्टीनने शिक्षकाचे पद सोडले, ठरलेला विवाह सोडला आणि काही महिने मिलानजवळील कासिसियाकुम येथे मित्र, मुलगा व आई ह्यांच्यासह प्रार्थना व चिंतन केले. मग तो मिलानला परतला, बाप्तिस्म्यासाठी त्याने आपले नाव नोंदवले आणि इतर दीक्षार्थींसोबत तयारी केली. साम्राज्याचा राजशिक्षक सामान्य लोकांच्या रांगेत उभा राहिला. ३८७ सालच्या पुनरुत्थान-सणाच्या रात्री, २४-२५ एप्रिलला, संत आंब्रोज ह्यांच्या हस्ते ऑगस्टीन, पंधरा वर्षांचा आदेओदातुस व अलिपियस ह्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याच वर्षी आफ्रिकेला परतताना रोमजवळील ओस्तिया बंदरात त्यांचा मुक्काम पडला. तेथे बागेकडे उघडणाऱ्या खिडकीशी उभे राहून आई व मुलगा शाश्वत जीवनाविषयी बोलत असता दोघांनाही क्षणभर त्या जीवनाचा स्पर्श झाला. काही दिवसांनी मोनिका तापाने आजारी पडली. आपला देह कोठेही पुरावा, त्याची चिंता करू नये. मात्र जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी आपली आठवण करावी, अशी तिची अखेरची इच्छा होती. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ती देवाघरी गेली. मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्याची आपली प्रथा किती जुनी आहे, ह्याचीही ही साक्ष आहे.

परतल्यानंतरचे जीवन व वारसा

३८८ साली संत ऑगस्टीन थागास्तेला परतले व मित्रांसोबत मठवासी जीवन जगू लागले. थोड्याच काळात आदेओदातुसचा मृत्यू झाला. ३९१ साली हिप्पो (आजचे अल्जेरियातील अन्नाबा) येथील श्रद्धावंतांच्या आग्रहाने ते धर्मगुरू झाले आणि काही वर्षांत तेथील बिशप. पस्तीस वर्षांच्या आसपास त्यांनी त्या बंदरगावच्या लोकांना प्रवचने दिली, त्यांचे तंटे सोडवले आणि ग्रंथ लिहिले. १२९८ साली ख्रिस्तसभेने त्यांना अधिकृतपणे धर्मपंडित म्हणून गौरविले.

त्यांच्या नियमावलीनुसार जगणारा ऑगस्टिनियन संघ १५७२ साली गोव्यात आला. जुन्या गोव्यात होली हिलवर त्यांनी उभारलेल्या कृपामातेच्या मंदिराचा भग्न मनोरा आजही उभा आहे आणि त्याच्या समोरच १६०६ साली बांधावयास घेतलेला संत मोनिका मठ आहे. येथेही आई व मुलगा शेजारीशेजारी आहेत. ८ मे २०२५ रोजी निवडले गेलेले पोप लिओ चौदावे हे ह्याच संघाचे सभासद आहेत.

आज परतावयाचे असेल तर

संत ऑगस्टीन ह्यांची परतण्याची वाट बाप्तिस्म्यातून गेली. ज्यांचा बाप्तिस्मा आधीच झाला आहे, त्यांच्यासाठी ती प्रायश्चित्त संस्कारातून जाते. बाप्तिस्मा पुन्हा दिला जात नाही. तो कधीही पुसला जात नाही. ऑगस्टीन ह्यांच्या काळी बाप्तिस्म्यानंतरच्या गंभीर पापांसाठी बिशपांच्या देखरेखीखाली प्रकट प्रायश्चित्त करावे लागे आणि तेही आयुष्यात एकदाच. पुढे आयरिश मठवाशांनी खाजगी व पुनःपुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची रीत युरोपभर पसरवली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करणे आवश्यक ठरवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३ साली, ह्या संस्काराचा नवा विधी प्रसिद्ध झाला.

पुष्कळ वर्षांनी येणाऱ्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

- शांतपणे सदसद्विवेकाची तपासणी करावी. आठवतील ती सर्व गंभीर पापे सांगावीत; प्रामाणिक प्रयत्नानंतरही विसरलेली पापे क्षमेत सामावली जातात.
- विधीचे शब्द आठवत नसतील तर तसे धर्मगुरूंना सांगावे. आपण किती वर्षांनी आलो आहोत हे सांगितल्यास ते पुढची वाट दाखवतात.
- पापनिवेदनाची गुप्तता अभंग आहे. कोणत्याही कारणास्तव धर्मगुरू ती मोडू शकत नाहीत.
- दिलेले प्रायश्चित्त पूर्ण करावे आणि ज्याचे नुकसान केले असेल त्याची शक्य तितकी भरपाई करावी.
- विवाह ख्रिस्तसभेत झालेला नसेल किंवा वैवाहिक स्थितीत अडचण असेल, तर धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना निःसंकोचपणे भेटावे. अशा व्यक्ती ख्रिस्तसभेतून तुटलेल्या नाहीत, त्यांनी देवशब्द ऐकावा व मिस्साला उपस्थित राहावे, असे पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ सालीच स्पष्ट केले आहे.

आणि ज्यांची मुले दुरावली आहेत त्या आईबापांना आमची विनंती आहे की, जेवणाचे ताट काढून घेऊ नका. प्रार्थना सोडू नका. मुलाला तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून चार शब्द ऐकावयाचे असतील, तर त्यांचे वाईट वाटून घेऊ नका. मोनिकेच्या मुलालाही ते आंब्रोज ह्यांच्या मुखातून ऐकावयाचे होते.

संत ऑगस्टीन ह्यांचे चरित्रकार व शिष्य बिशप पोसिदियस ह्यांनी त्यांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन केले आहे. ४३० साली वांडाल टोळ्यांनी हिप्पोला वेढा दिला होता. शहात्तराव्या वर्षात असलेले बिशप तापाने अंथरुणाला खिळले होते. बाप्तिस्मा घेतलेल्या कोणीही, मग तो धर्मगुरू का असेना, पश्चात्तापाविना हे जग सोडू नये, असे ते नेहमी सांगत. त्यांनी दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेतली व ती पाने समोरच्या भिंतीवर लावण्यास सांगितले. वैद्य येण्याची व जेवण आणण्याची वेळ सोडून कोणी आत येऊ नये, अशी त्यांनी विनंती केली. सुमारे दहा दिवस ते ती स्तोत्रे वाचीत व अश्रू ढाळीत पडून होते. २८ ऑगस्ट रोजी त्यांनी देह ठेवला. बाप्तिस्म्याला त्रेचाळीस वर्षे होऊन गेली होती, तरी ते अजून परतीच्या वाटेवरच होते.